सुधाकर वायरमनचा तिसरा सवाल

फोनवर त्याचं नाव उमटलं आणि नेहमीच्या सवयीनं मी म्हणालो, "बोल बे वायरमन, आज कोणत्या खांबाले लटकला?" पलीकडं त्याची बायको होती. कुसुमवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी बोलून राह्यले. ते गेले." शाळेची मधली सुट्टी होती. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन व्हरांड्यात रांगेनं बसली होती, आणि मी तिथं फोन कानाला लावून उभा... मी काय बोलून बसलो होतो याचीच लाज वाटत राहिली, त्याच्या जाण्याचं दुःख त्या लाजेच्या मागून बऱ्याच वेळानं आलं. वहिनींनी नंतर त्याबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. उलट पाचव्या-सहाव्या दिवशी आपण होऊन म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, त्यायच्या फोनवर शेवटचं कोनी तं हासून बोललं."

सुधाकर आमच्या गावचा वायरमन. गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून सायकलच्या अंतरावर. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत नवीन रुजू झालो, त्याच आठवड्यात वावटळीनं तार तुटून शाळेच्या फाटकात पडली. मी घाबरून पोरांना मागच्या दारानं बाहेर काढायला निघालो, तर वरून आरोळी आली, "ओ मास्तर, पोरायले तिकडून नेऊ नका, तिकडं बी पडेल हाय! बसवा खाली, पाढे म्हना!" खांबावर कमरेला पट्टा बांधलेला एक काळासावळा तरुण होता. आम्ही तिसापर्यंतचे पाढे दोनदा म्हटले तेव्हा तो खाली उतरला आणि म्हणाला, "एकोनतिसाच्या पाढ्यात तुमची पोरं नाही, तुम्हीच चुकले." तेव्हापासून आमची जमली. अहो-जाहो आठवडाभर टिकलं असेल. पुढं 'बे मास्तर' आणि 'बे वायरमन'. तो बौद्धवाड्यात राहायचा, मी देवळामागं भाड्याच्या खोलीत. संध्याकाळी आम्ही दोघं विहाराच्या ओट्यावर बसायचो. बोलायचा तो. मी लहानपणापासून घुमा. माझ्या गप्प राहण्याचं त्याला फार कौतुक. "तू आयकून घेतो बे, हेच लय हाय," म्हणायचा. त्याच्या या वाक्याचा आज मला जितका त्रास होतो, तितका त्याच्या जाण्याचाही होत नाही.

त्याची एक सवय जिल्हा परिषदेच्या आमच्या अख्ख्या गटात माहीत होती. निवडणूक कोणतीही असो, ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची की झेडपीची, मत द्यायच्या आधी तो प्रत्येक उमेदवाराच्या घरी जायचा. आधी फोन करायचा. "नमस्कार, सुधाकर वायरमन बोलतो. मी मतदार आहे. लाईटचं काम नाही, तुमच्यापाशीच काम आहे." तरीसुद्धा घोटाळा व्हायचाच. एका उमेदवाराच्या बायकोनं आम्हाला फाटकात पाहिलं आणि आतून ओरडली, "आवो, बिल भरलं ना तुम्ही? कापाले आला तो!" उमेदवार टॉवेलवरच पावती घेऊन बाहेर आला. सुधाकरनं ती पावती नीट वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाला, "हे झालं. आता पाण्याच्या टाकीचं बोलू."

ही सवय त्याला कशी लागली ते त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही हसत हसत. नोकरीला नवीन असताना गावातले एक बडे शेतकरी निवडणुकीला उभे होते. विहारात येऊन त्यांनी हात जोडले, 'आपण सारे एक' म्हणाले, सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवला. दोन दिवसांनी त्यांच्याच घरचा फ्यूज उडाला म्हणून याला बोलावणं आलं. काम झाल्यावर यानं पाणी मागितलं. घरातल्या बाईनं पेला आणून ओट्याच्या कडेला ठेवला, हातात दिला नाही, आणि आत जाता जाता म्हणाली, "पेऊन झालं की धुऊन पालथा घालजो." उमेदवार तिथंच खुर्चीवर बसून याद्या पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. "म्या धुतला, पालथा घातला," सुधाकर म्हणाला, "आन् तवाच ठरवलं. ते आपल्या दारी येतात तं हात जोडूनच येतात बे. आपण त्यायच्या दारी जाऊन पाह्यलं पाह्यजे."

पण आमच्याकडं उमेदवाराच्या घरी जाणं सोपं नाही. गावात कुणाच्या ओसरीवर चहा घेतला की तुम्ही त्याचे झालात, संध्याकाळपर्यंत ते मोताळ्याला कळतं. सुधाकरनं यावर उपाय काढला होता. चार उमेदवार असतील तर चारही घरं एकाच दिवशी करायची आणि चारही ठिकाणी चहा प्यायचा, म्हणजे कुणालाच हक्क सांगता येत नाही. मी त्याच्या गाडीवर मागं बसायचो. शिक्षक म्हणून मला राजकारणापासून लांब राहायला हवं होतं, पण मी नुसता बसायचो आणि तोंड बंद ठेवायचो, ते मला येत होतंच. दिवस संपेपर्यंत पित्त व्हायचं. एकदा पाचवा उमेदवार अपक्ष निघाला, तेव्हा सुधाकर पोटावर हात ठेवून म्हणाला, "याले मत नाही भेटलं तरी चालते, पण याचा चहा चुकवता येत नाही." कुणाला मत दिलं हे मात्र तो कधी सांगायचा नाही. मलाही नाही. गल्लीतले विचारायचे तेव्हा म्हणायचा, "मी माह्यासाठी जातो. तुम्ही तुमच्यासाठी जा."

प्रत्येक ठिकाणी तो तीन सवाल विचारायचा. पहिले दोन त्या त्या वेळच्या कामाचे, रस्त्याचे, टाकीचे. तिसरा मात्र असा, की उमेदवाराला त्याचं उत्तर ठाऊक नसणार याची त्याला खात्री असायची. हे फक्त मला माहीत होतं. झेडपीच्या ज्या निवडणुकीविषयी मला लिहायचंय, त्यात तिसरा सवाल होता, "आपल्या आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर गावात मुक्कामी काऊन राहत नाही?" या प्रश्नामागं त्याच्या घरची गोष्ट होती. त्याच्या पुतणीला रात्री कळा सुरू झाल्या, सिस्टर गावात नाही, शेवटी जीप काढली आणि रस्त्यातच पोरगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या, त्या पोरीला गल्ली अजून 'जीपवाली' म्हणते. पण सुधाकर त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर होता. नंतर त्यानं जाऊन सिस्टरलाच विचारलं. तिच्या क्वार्टरला वीज नव्हती, कारण जोडणीचा अर्ज जिल्हा परिषदेकडून यायचा तो आलाच नव्हता. आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. एकट्या बाईनं तिथं राहायचं कसं? हे एवढंच कारण होतं, आणि गावात कुणी तिला विचारलं नव्हतं.

मला तो समजावून सांगायचा, "उमेदवार म्हनन का ती कामचोर हाय, तं तो गेला. बदली करतो म्हनन, तं तोही गेला. मले माहीत नाही, पुसून सांगतो, असं म्हनून जो खरंच सिस्टरले जाऊन पुसन, तो आपला. पुसनारा माणूस पाह्यजे बे. बाकी सारं होते मंग." बऱ्याच वर्षांत असा माणूस त्याला एकही भेटला नव्हता. दर वेळी 'त्यातल्या त्यात बरा' पाहून तो मत देऊन यायचा आणि दोन दिवस गप्प असायचा.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी चार वेळा कागद टाकून उठलो आहे.

त्या निवडणुकीत माझा सख्खा मेहुणा उभा होता. त्याचं गाव आमच्याच गटात. एका दुपारी तो शाळेत आला, पोरांना गोळ्या वाटल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, तो वायरमन परवा येतो म्हनते. त्याची सारी गल्ली त्याच्याकडं पाह्यते. काय पुसते तो?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही. तो हसला. "तुम्ही मागच्या सीटवर असता ना हो दाजी." मग बहिणीचं नाव काढलं. ताईनं जेवण सोडलंय म्हणाला, आणि त्यात थोडं खरंही होतं. घरी बायको, संगीता, रोज म्हणत होती, "माह्या भावाले तुमच्या दोस्तानं पाडलं तं मी माहेरी कोनत्या तोंडानं जाऊ?" पण हे सगळं मी बचावासाठी लिहीत नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, मला काही मिळणार नव्हतं. नाही म्हणायचा कंटाळा आला, आणि दोन्हीकडचं भांडण टळतंय असं वाटलं. मी सांगून टाकलं. नुसता प्रश्न सांगितला असता तर एक वेळ... मी सगळंच सांगितलं. "उत्तर देऊ नको. माहीत नाही म्हण. दोन दिवसांनी त्याच्या घरी जा आणि क्वार्टरची लाईट अन् कडी सांग." सिस्टरला विचारायची तसदीसुद्धा मी त्याला घेऊ दिली नाही.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. मी नेहमीसारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मेहुण्यानं पाणी स्वतःच्या हातानं दिलं, पहिल्या दोन सवालांची बरी उत्तरं दिली. तिसऱ्याला त्यानं डोकं खाजवलं, छताकडं पाहिलं, आणि म्हणाला, "खरं सांगू का वायरमनभाऊ? हे मले माहीत नाही. मी पुसतो आन् सांगतो तुम्हाले." सुधाकरचा कप ओठाशी थांबला. त्यानं माझ्याकडं जे पाहिलं ते मी कसं लिहू? लहान पोराला हरवलेली वस्तू सापडावी तसं. मी नजर चहात घातली. परतीच्या वाटेवर तो गाडीवरून मागं वळून वळून ओरडत होता, "बे मास्तर, तुह्या साळ्यात दम हाय बे! मी तं तुह्या नात्याचा म्हनून एक गुण कापूनच गेलतो!" मी म्हणालो, "समोर पाह्य, खड्डा आहे."

तिसऱ्या दिवशी मेहुणा त्याच्या दारात हजर झाला, लाईट आणि कडी दोन्ही सांगितली. आणि सुधाकरनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं मत बोलून दाखवलं. गल्लीतल्या बावीस घरांत तो एकेक करून गेला. नोकरीच्या दृष्टीनं हे बरं नव्हतं, मी तसं म्हणालोही. "एवढ्या वर्षानं माणूस भेटला बे, लपवून ठेवू काय?" तो म्हणाला. बावीसच्या बावीस घरांनी त्याचं ऐकलं. मेहुणा थोडक्यात निवडून आला. त्या घरांशिवाय आला नसता.

पुढं काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. क्वार्टरच्या जोडणीचा अर्ज निघाला नाही. सुधाकर फोन करायचा, फोन उचलला जायचा नाही. तो घरी गेला, तर 'साहेब बाहेर गेले' असं सांगून त्याला अंगणात तासभर उभं केलं, आणि साहेबांच्या चपला दारात होत्या. मी मेहुण्याला दोनदा बोललो. त्यानं शांतपणे विचारलं, "दाजी, तो शब्द माहा होता का तुमचा?" शेवटी न्हाणीची कडी सुधाकरनं स्वतःच नेऊन बसवली. वीज मात्र गावाचा वायरमन असून त्याला देता येत नव्हती, अर्जावाचून त्याचे हात बांधलेले. वर्षभरात सिस्टर बदली करून गेली. गल्लीच्या तोंडाशी राहणारी वच्छलामाय, जिच्या घरात सात मतं होती, ती त्याला येता-जाता टोमणा मारायची, "काय रे वायरमन, तुह्या माणसाची लाईट आली का?" ती थट्टेनंच म्हणायची. पण तो गल्लीत शिरायला मागचा रस्ता धरू लागला.

त्यानंतरच्या ग्रामपंचायतीला त्यानं कुणाला फोन केला नाही. मी म्हणालो, "चल की, चहा प्यायला." तो विहाराच्या ओट्यावर पायातली चप्पल पायानंच इकडं-तिकडं करत बसला होता. म्हणाला, "माह्यात पारखच नाही बे मास्तर. कोनत्या तारेत करंट हाय ते लांबून सांगतो मी. माणूस काही समजला नाही. आन् बावीस घरायले घेऊन बुडलो." त्या क्षणी एक वाक्य पुरे होतं. तुझं चुकलं नाही, मी पेपर फोडला. एवढंच. माझ्या तोंडाशी आलं आणि मी म्हणालो, "जाऊ दे, सगळे सारखेच." म्हणजे त्याचा दोष काढून घ्यायच्या जागी मी साऱ्या जगाला वाटून दिला. पुढं एकदा त्याला तपासणीला बुलढाण्याला नेत होतो. बसमध्ये शेजारी होता, हृदयाचं दुखणं सुरू झालेलं. "सुधाकर, एक सांगायचं होतं." "काय बे?" "...काही नाही. गर्दी फार झाली, तू खिडकीशी बस." तो खिडकीशी सरकला. आठ-नऊ वर्षं मी हे केलं. तो मला ऐकून घेणारा माणूस समजत राहिला, आणि तो आपल्या शहाणपणावरचा विश्वास गमावून बसलाय हे मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

जाण्याच्या आठवडाभर आधी भेटलो तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून होता. झेडपीच्या निवडणुकीची गोष्ट निघाली. मी विचारलं, बरा झालास की जाऊ या का? तो हसला. "तू जा. तुले तरी समजन." मग डोळे मिटून म्हणाला, "मी गेलो नाही तेच बरं. म्या सांगतलेला माणूस निवडून येते, हाच धोका हाय." वहिनीही हसल्या. मीही हसलो. ते माझं त्याच्यासमोरचं शेवटचं हसणं.

महिना होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी अंगणात ज्वारी निसत बसल्या होत्या. मी शेजारी पाटावर बसलो आणि थांबण्याची भीती वाटली म्हणून एका दमात सगळं सांगितलं. शाळेतली दुपार, लाईट, कडी, बस. त्यांचे हात सुपात चालूच होते. खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "म्हंजे त्यायचं चुकलं नोतं." मी म्हणालो, नाही. "त्यायनं बराबर सवाल पुसला होता." हो. त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता रडतील, किंवा मला चालायला सांगतील. दोन्हीची तयारी होती. त्या म्हणाल्या, "मले काऊन सांगून राह्यले भाऊजी? मले तं ते कधी चुकलेले वाटलेच नाही. ज्यायले वाटलं, त्यायले सांगा. बावीस घरं हायेत."

मी मान हलवली, जातो म्हणालो. त्यांनी पदर खोचला. "थांबा, मीबी येते. तुम्ही एकटे गेले तं पाण्या-पावसाचं बोलून परत यान." पायात चप्पल घालता घालता त्यांना आणखी आठवलं, "आन् त्यातले जे सुरतले, पुण्याले गेले, त्यायच्यासाठी पेपरात लिहा. लिहिता ना तुम्ही कधीमधी." म्हणून हे लिहिलं आहे. संगीताला आधी वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "छापा. पण भावाचं नाव टाकू नका." तेवढं पाळलं आहे. माझं मात्र खाली छापलं आहेच.

त्या रविवारी पहिलं घर वच्छलामायचं. म्हातारी दारातच बसली होती, आम्हाला पाहून सून चहा ठेवायला आत गेली. वहिनी म्हणाल्या, "मास्तरले काही सांगायचं हाय," आणि बाजूला सरकल्या. मी म्हणालो, "माय, औंदा कपाशी बरी दिसून राह्यली..." वहिनी नुसत्या खाकरल्या. मग मी सांगितलं. वच्छलामाय ऐकताना माझ्याकडं पाहत नव्हती, उंबऱ्याकडं पाहत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "हे त्याले सांगतलं होतं?" मी म्हणालो, नाही. "मंग काय सांगतलं तुम्ही," ती म्हणाली. नंतर मान वळवून आत हाक मारली, "अरे संजू, बाहेर ये. समद्यायले घेऊन ये. आपल्या वायरमनचं काही चुकलं नोतं म्हन्ते मास्तर... पुन्हा एकदा सांगा हो, मोठ्यानं."

संजू, त्याची बायको, दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. कुसुमवहिनी तोवर पुढच्या घराच्या दाराशी जाऊन उभ्या होत्या.